जगाचं ऱ्हाऊ द्या, कुंडलला दिसंल का?

हिंदुराव अण्णांना एकदा सलूनवाल्यानं कात्री चालवता चालवता सहज विचारलं, "अण्णा, मिशी काढू का?" आणि अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "व्हय."

आता ही मिशी काही ऐरीगैरी नव्हती. कराडात स्टेशन रोडला उसाच्या रसाचे चरक बनवणारा अण्णांचा कारखाना कुणी विचारला, तर लोक आधी "मिशीवाले अण्णा ना?" म्हणून खात्री करून घेत आणि मग रस्ता सांगत. ती मिशी गेली आणि अण्णा गुळगुळीत तोंडानं घरी आले. आपल्याकडं मिशी उतरवलेला माणूस दिसला की लोकांच्या मनात एकच प्रश्न येतो, कोण गेलं? संध्याकाळपर्यंत आळीतली माणसं तोंडं पाडून दारात आली. "लय वाईट झालं, अण्णा," म्हणाली. अण्णा त्यांनाही म्हणाले, "व्हय."

शालनकाकी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, चहा घेऊन बाहेर आल्या तर सोप्यात सगळे मान खाली घालून बसलेले आणि मधोमध अण्णाही तसेच. काकींनी ट्रे तिथंच खाली ठेवला. "आवं, कोण गेलं?" त्यांनी विचारलं. "कोण न्हाई," अण्णा हळूच म्हणाले, "पर ही एवढी आल्यात, त्यास्नी न्हाई कसं म्हणायचं?"

ही गोष्ट काकींनीच मला सांगितली, तीही अण्णांच्या देखत. अण्णा शेजारी बसून हसत होते आणि मधूनमधून "व्हय, बरोबर हाय" म्हणत होते. त्या माणसाच्या तोंडात 'नाही' हा शब्द घातलाच नव्हता देवानं. फेरीवाल्याला व्हय, वर्गणीवाल्याला व्हय, एकाच मुहूर्ताच्या दोन लग्नांना व्हय. दोन्हीकडं जेवून येत आणि मग ओवा खात बसत. काकी तर दाराची कडी वाजली की अण्णांच्या आधी धावायच्या. म्हणायच्या, "ह्यांच्या हाती दार गेलं की घरात चटई उरायची न्हाई."

मी तेव्हा कराडात मंडईजवळ, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर, संगणकाचा क्लास चालवत होते. नव्वदची सालं संपत आली होती. क्लासच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा, कारण संगणकाच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा तेव्हा सगळीकडं नियम होता. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी तो नियम फार कडकपणे पाळायला लावायची. दारावर पाटी होती, "येथे इंटरनेटची सोय आहे." ती सोय फोनच्या तारेतून यायची आणि मर्जी असेल तेव्हाच यायची.

एका सकाळी अण्णा आले. मिशी तोवर पुन्हा वाढलेली होती. चपला काढल्या, पाय झाडले, आत आले आणि पिशवीतून नारळ काढून थेट मॉनिटरसमोर ठेवला.

"फोडू का, म्याडम?"

"अण्णा, अहो नको! पाणी उडेल."

"व्हय, बरोबर हाय," म्हणाले आणि नारळ माझ्या हातात दिला. मग स्टुलावर टेकले. "एक येबसाईट पायजे."

"कशाला?"

"मी व्हय म्हणून बसलोय."

झालं होतं असं की शेतीच्या प्रदर्शनात अण्णांनी चरक मांडला होता. तिथं बंगलोरचा एक व्यापारी आला. त्याला चरक पसंत पडला आणि जाता जाता त्यानं विचारलं, "आपका वेबसाइट है ना?" वेबसाइट म्हणजे काय हे अण्णांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पण एवढा लांबून आलेला माणूस प्रेमानं विचारतोय म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "है ना!" आता तो बंगलोरला जाऊन बघणार होता.

"मजी त्येनं बघायच्या आत ती उभी ऱ्हायला पायजे," अण्णा म्हणाले. "तुमी करता न्हवं?"

खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकही वेबसाईट केलेली नव्हती. पुण्याहून एक जाडजूड पुस्तक आणून ठेवलं होतं, त्यावर क्लासचा पाण्याचा तांब्या ठेवत असे. पण अण्णांच्या सहवासाचा गुण असावा, मीही म्हणाले, "हो."

मग मी मास्तरकीच्या सुरात अण्णांना समजावायला बसले. की अण्णा, हे एकदा चढवलं की अमेरिकेत दिसेल, जपानमध्ये दिसेल, तिकडं रात्र असेल तरी दिसेल, सगळ्या जगाला तुमचा चरक दिसेल. अण्णा फार लक्ष देऊन ऐकत होते. माझं संपल्यावर पुढं सरकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "जगाचं ऱ्हाऊ द्या, म्याडम. कुंडलला दिसंल का?"

कुंडल या गावी अण्णांचे थोरले भाऊ होते. तात्या. कारखाना दोघांनी मिळून उभा केलेला. तात्या चरक बनवायचे, अण्णा विकायचे. तात्यांचं तोंड तिखट, पण हात असा की त्यांनी लावलेल्या चरकात ऊस घातला की पलीकडून वाळकं चिपाडच बाहेर यायचं. दिवसभर अण्णांच्या कामात खोडी काढायच्या हा त्यांचा धर्म आणि प्रत्येक खोडीला "व्हय, तात्या" म्हणायचं हा अण्णांचा. वर्षानुवर्षं हे छान चाललं होतं.

मग अण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापायची वेळ आली. पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून आपल्याकडं काय काय होतं हे मी सांगायला नको. इस्लामपूरला अण्णांचे मोठे साडू होते. साखर कारखान्यात वजन असलेले. ते म्हणाले, "माझं नाव वर घ्या, चार मोठी माणसं माझ्या नावानं येणार हायेत." अण्णा म्हणाले, "व्हय." पत्रिका छापून आली तेव्हा घरातला कर्ता पुरुष, थोरला भाऊ, साडूच्या खाली गेलेला होता. तात्यांनी पत्रिका वाचली, घडी घातली. लग्नाची सगळी कामं केली, मांडवाचा शेवटचा बांबू निघेपर्यंत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी उचलली आणि कुंडलला शेतावर निघून गेले. त्यानंतर कैक वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं; चरक तात्यांनी शिकवलेली पोरं बनवायची.

हे अण्णांनीच मला सांगितलं. माझ्या हातातला नारळ परत आपल्या हातात घेऊन, त्याची शेंडी ओढत ओढत.

"नावाचं न्हाई वो, म्याडम. नाव वर काय आन् खाली काय, तात्याला त्येचं काय न्हाई. जाताना म्हणला, तुला त्या माणसाला न्हाई म्हणता आलं न्हाई."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणनार? मी म्हणलं, व्हय."

मला हसावं की काय करावं कळेना. अण्णा मात्र हसत नव्हते. "तात्यानं ही येबसाईट एकदा बघावी," म्हणाले. "आन् काय चुकलं ते सांगावं. बास. बाकी मला काय नगो." ज्याला आपलं मानतात त्याच्याच चुका काढतात तात्या, परक्याशी बोलतसुद्धा नाहीत, हे त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. बंगलोरचा व्यापारी निमित्ताला होता, हे मला पहिल्याच दिवशी कळून चुकलं होतं.

तांब्या उचलून मी पुस्तक उघडलं आणि कामाला लागले. आठवड्याभरात एक पान तयार झालं. मधोमध तात्यांच्या हातच्या जुन्या चरकाचा मोठा फोटो, खाली पत्ता आणि फोन. झालं. मराठी अक्षरं तेव्हा नीट उमटायची नाहीत, म्हणून मी कागदावर लिहून त्याचं चित्र करून डकवलं होतं. अण्णांना एक हौस होती, रसवंतीत चरक फिरताना जशी घुंगरं वाजतात तशी पान उघडताच वाजली पाहिजेत. घुंगरं कुठून आणणार? मी माझ्या पुतणीला पैंजण घालून माइकसमोर नाचायला लावलं आणि तो आवाज चिकटवून टाकला. मला वाटलं, कोण ओळखतंय!

पान बघून अण्णांचे डोळे भरून आले. "लय भारी झालंय," म्हणाले. "आता चार लोकांस्नी दाखवतो."

इथंच घात झाला. इंटरनेट कुणाकडंच नव्हतं, म्हणून अण्णा ते पान माझ्याकडून कागदावर छापून घेत, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालत आणि स्कूटरवरून निघत. थेट लग्नाच्या पत्रिका वाटायला निघावं तसे. घरोघरी जाऊन, पाटावर बसून, "जरा बघून सांगा, काय कमी-जास्त असंल तर," असं म्हणत. आणि आपल्या माणसांना कुणी काय कमी आहे असं विचारलं तर सगळं बरोबर आहे असं म्हणण्याइतकी ती निष्ठुर नाहीत.

भटजी म्हणाले, वर गणपती पाहिजे. गणपती आला. शाळेतले ड्रॉइंगचे गुरुजी म्हणाले, कडेनं वेलबुट्टी काढा, पान उघडं-बोडकं दिसतंय. वेलबुट्टी आली. सांगलीचा एक हळदीचा व्यापारी अण्णांचा जुना दोस्त. त्याच्याकडं अण्णा एसटीनं गेले. तो म्हणाला, पांढरा रंग अशुभ, पान पिवळं करा. मी पान पिवळं केलं. ते इतकं पिवळं झालं की बघणाऱ्याला कावीळ झाल्याचा भास व्हावा. डॉक्टर म्हणाले, काविळीला उसाचा रस चांगला असतो, ते लिहा. लिहिलं. काकींच्या भजनी मंडळानं सुचवलं की दोन्ही बाजूंना समया तेवत ठेवाव्यात. मी पुस्तकात शोधून समयांच्या ज्योती हलत्या केल्या. मंडळातल्या बायका क्लासवर येऊन ते बघून गेल्या आणि जाताना एकीनं स्क्रीनला हात जोडले.

मग नावं सुरू झाली. भटजींचं आशीर्वाद देणारे म्हणून. सांगलीच्या दोस्ताचं हितचिंतक म्हणून. इस्लामपूरच्या साडूंनी छापील कागदावर पेनानं स्वतःच आपलं नाव लिहून पाठवलं, हुद्द्यासकट, आणि शेजारी बाण काढून लिहिलं, "फोटो पाठवत आहे." नावांची संख्या इतकी वाढली की मी ती सरकत्या पट्टीवर टाकली. एसटी स्टँडवर गाड्यांची नावं पुकारावीत तशी ती एकामागून एक सरकत राहायची.

आणि सगळ्यात वर, गणपतीच्या खाली, मोठ्यात मोठ्या अक्षरात तात्यांचं नाव. ते अण्णांनी स्वतःहून घालायला लावलं. कुणीही न सुचवता घातलेलं तेवढं एकच नाव त्या पानात होतं.

शेवटी एक दिवस मी वैतागले. "अण्णा, चरक कुठं आहे?"

"हाय की खाली."

"खाली कुठं? समयांच्या खाली, डॉक्टरांच्या खाली, नावांच्या खाली! बंगलोरचा माणूस तिथं पोचेपर्यंत त्याचा फोन कट होईल. चरक वर घेऊ या."

"ऱ्हाऊ द्या, म्याडम," अण्णा समजूत घालत म्हणाले. "चरक काय रुसतोय व्हय? माणसं रुसत्यात."

मी चरक खाली राहू दिला.

आता कुंडल. अण्णांनी छापलेल्या पानांचा नवाकोरा संच केला, फोल्डरमध्ये घातला आणि इस्त्रीचे कपडे घालून सकाळी निघाले. दुपारी माझ्याकडं परत आले. कपडे धुळीनं भरलेले.

"काय म्हणाले तात्या?"

"भेटलो न्हाई. गावात शिरलो, शेताकडं बी गेलो. तात्या हिरीवरच्या मोटारीपाशी बसल्याला दिसला. काय तरी खोलत हुता. मग म्हणलं, कामात हाय, कशाला तरास." फोल्डर ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवून आले होते. "देतो म्हणलाय दुकानदार."

त्यानंतर रोज सकाळी अण्णा येत, चपला काढत आणि विचारत, "कुंडलचं काय आलं का?" मी सांगायची की अण्णा, कुंडलहून यात काही येणार नाही, तिथं संगणक नाही. ते म्हणायचे, "व्हय, बरोबर हाय," आणि तरीही अर्धा तास स्क्रीनकडं बघत बसायचे. मला त्या माणसाची दया यायची आणि रागही यायचा. इतक्या लांब जाऊन, समोर भाऊ दिसत असताना, किराणा दुकानात फोल्डर ठेवून यायचं!

मी हे काकींना सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी एकट्याच एसटीनं कुंडलला गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी पुढं मला सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "भाऊजी, तुमचं नाव पार मोठ्या अक्षरात लावलंय, गणपतीच्या खाली. मंडईजवळच्या संगणकाच्या क्लासात केलंय, जगभर दिसतंय म्हणं. तुमाला सांगून जावं म्हणून आले." एवढंच म्हणाल्या आणि चहासुद्धा न घेता परतल्या. आपला दीर कशानं पेटतो हे काकींना चांगलं माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी माझ्या क्लासच्या जिन्यात जड पावलं वाजली. दारात उंच, काटकुळे, टोपी घातलेले गृहस्थ उभे. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. चपला काढायची पाटी त्यांनी वाचली आणि चपलांसकट आत आले. माझी काही बोलायची हिंमत झाली नाही.

"हिंद्या कुठाय?"

सगळं कराड ज्यांना अण्णा म्हणत होतं त्यांना हिंद्या म्हणणारा माणूस मी प्रथमच बघत होते. अण्णा स्टुलावरच होते, नेहमीसारखे. उठून उभे राहिले आणि काय करावं ते न कळून पुन्हा बसले.

"माझं नाव काढ," तात्या म्हणाले. "कुणाला इचारून लावलंस?"

"व्हय, तात्या."

"आधी दाव मला. काय क्येलंयस ते."

मी फोनची तार जोडली. यंत्रानं नेहमीप्रमाणं आधी किंचाळून घेतलं. पान वरून खाली, बोटभर बोटभर उतरायला लागलं. गणपतीची सोंड येईपर्यंतच पाच-सात मिनिटं गेली असतील. तात्या हात मागं बांधून उभे. मग पैंजण वाजलं.

"ह्यो चरक हाय का नाचायचा कार्यक्रम?" तात्यांनी विचारलं. मी पुतणीचं नाव सांगितलं नाही.

नावांची पट्टी सरकायला लागली. तात्या वाचत होते. "ह्यो कोण?" अण्णांनी सांगितलं. "आन् ह्यो?" अण्णांनी तेही सांगितलं. मग इस्लामपूरच्या साडूंचं नाव आलं, हुद्द्यासकट. तात्या थांबले. समयांकडं बघितलं, वेलबुट्टीकडं बघितलं.

"लगीन कुणाचं हाय?"

समया तेवत होत्या. अण्णांची मान खाली गेली होती. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण माउस माझ्या हातात होता.

"चरक कुठाय?" तात्यांचा आवाज चढला. मी पान वर सरकवत राहिले, सरकवत राहिले आणि एकदाचा तळाशी तो आला. तात्या वाकले. स्वतःच्या हातची वस्तू बघावी तसं त्यांनी त्या फोटोकडं बघितलं, आणि होतीच ती त्यांच्या हातची.

"ह्यो वर घे. बाकीचं समदं काढ."

"व्हय, तात्या."

"व्हय काय, व्हय?" तात्या एकदम फिरले. "उद्या दुसरा कोण येऊन म्हणला चरक खाली घे, तरी व्हयच म्हणशील! आन् फोटू कसला काढलायस ह्यो? म्हागनं काढाय पायजे. दातेरी चाकं दिसली पायजेत. समदं काम तिथं हाय. म्हागनं काढ फोटू."

अण्णांनी तोंड उघडलं. काय येणार ते मला माहीत होतं, तात्यांनाही माहीत होतं. पण ते आलंच नाही. अण्णा चरकाकडं बघत राहिले. त्यांच्या मानेवर घाम आला होता.

"न्हाई, तात्या."

"काय?"

"म्हागनं न्हाई." अण्णांनी स्क्रीनवरच्या फोटोवर बोट ठेवलं. "गिऱ्हाईक म्होरनं बघतंय. रस म्होरनं पडतोय. आजवर मी चरक इकलाय, तू न्हाई. फोटू म्होरनंच ऱ्हानार."

तात्यांनी टेबलावर हात आपटला. माउस खाली पडला. "चाकं मी केली ती काय झाकून ठेवायला?"

"झाकून ठिवायला न्हाई, पर दावायला बी न्हाई! चाकं बघून कोण रस पितंय का?"

"तुला चरकातलं काय कळतंय?"

"आन् तुला गिऱ्हाइकातलं काय कळतंय?"

खालच्या औषधाच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन डोकावून गेला. अण्णा उभे होते, दोन्ही मुठी आवळून, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की स्वतःच्याच तोंडातून हे निघतंय यावर त्यांचा विश्वास बसत नसावा. तात्या खुर्ची ओढून बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्या वक्ताला एवढंच म्हणायचं हुतंस, हिंद्या," ते म्हणाले.

अण्णा उपरण्यानं तोंड पुसायला लागले आणि पुसतच राहिले. मीही खाली वाकून माउस शोधायला लागले, तो समोरच पडला होता तरी. थोड्या वेळानं तात्याच म्हणाले, "च्या मिळंल का हितं?" आणि मी जी उठले ती जिन्यावरून पळतच खाली गेले.

पान बदललं. चरक वर आला, समोरूनच. कोपऱ्यात दातेरी चाकांचा बारकासा फोटो घालायचा, असं दोघांत बरंच भांडण होऊन ठरलं. तात्यांचं नाव काढलं, मग अण्णांचंही काढायला लावलं तात्यांनी. नुसतं "बंधू" राहिलं. गणपती तेवढा ठेवला, त्याला काढायची कुणाची छाती नव्हती. मग तात्या घुंगरांवर आले. पैंजण त्यांच्या कानाला सहन होत नव्हतं. बाजाराच्या दिवशी ते कारखान्यातून चरकाच्या चाकाला बांधायचा घुंगरांचा खरा पट्टाच घेऊन क्लासवर आले. अण्णाही आले. मी माइक लावला. तात्या पट्टा हलवणार, अण्णा शेजारी उभे.

तात्यांनी हलवायला सुरुवात केली आणि अण्णांना राहवेना. "जरा हळू, तात्या. ऊस घातल्यावर चाक जड हुतंय, तसं वाजव की. आता जरा—"

"गप की रं, हिंद्या!"

ते सगळं माइकमध्ये गेलं. आधी घुंगरं, मागं अण्णांची पुटपुट, मग तात्यांची डरकाळी आणि पुन्हा घुंगरं. मी म्हणाले, परत घेऊ या. पण तात्यांची एसटी होती, ते निघून गेले आणि मी तसंच चढवून दिलं, पुढं दुरुस्त करू म्हणून.

नावं गेल्याचं कळल्यावर मंडळी रुसायला लागली. इस्लामपूरहून साडूंचा निरोप आला. अण्णा त्यांना भेटून "व्हय, लावतो परत" असं सांगून आले आणि मला म्हणाले, "मी व्हय म्हणलोय, पर तुमी लावू नगा." माणूस काही मुळापासून बदलत नाही. सांगलीच्या दोस्तालाही व्हय, भजनी मंडळालाही व्हय. पान मात्र जसंच्या तसं.

बंगलोरच्या व्यापाऱ्याचा एकदाचा फोन आला. त्या घुंगरांच्या आवाजानं पान इतकं जड झालं होतं की त्याच्याकडं ते कधी पुरतं उघडलंच नाही. "वेबसाइट खुलती नहीं, लेकिन मशीन भेज दो," तो म्हणाला. म्हणजे एवढं सगळं केलं ते कशाला, असं मी अण्णांना विचारलं. अण्णा नुसतेच हसले.

ज्यांनी ज्यांनी क्लासवर येऊन पान ऐकलं त्यांनी एकच सांगितलं की घुंगरं छान आहेत, पण मधला तो ओरडण्याचा आवाज काढून टाका. भटजी म्हणाले, गुरुजी म्हणाले, डॉक्टर म्हणाले. मलाही पटत होतं. धंद्याच्या पानावर कुणी कुणाला 'गप' म्हणतंय हे काही शोभत नाही. मी अण्णांना म्हणाले, "आज तो आवाज काढून टाकते."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

असं सरळ, न अडखळता. मी पुन्हा त्या आवाजाचं नाव काढलं नाही.

पुढं माझ्या यजमानांची बदली सांगलीला झाली आणि क्लास आवरायची वेळ आली. संगणक खोक्यात भरत होते, एक तेवढा चालू होता. अण्णा आले. दाराबाहेर आता चपलांचा ढीग नव्हता, तरी त्यांनी चपला काढल्या. पिशवीतून नारळ काढला, मॉनिटरसमोर ठेवला, पण या वेळी फोडू का म्हणून विचारलं नाही.

"जरा लावा की, म्याडम. एकदा."

मी लावलं. गणपती उतरला, चरक उतरला. घुंगरं वाजायला लागली आणि मधेच तात्या ओरडले, "गप की रं, हिंद्या!" अण्णा मिशीतल्या मिशीत हसले.

तेवढ्यात खालून रस्त्यावरून टेम्पोचा हॉर्न वाजला आणि त्यामागोमाग खरे तात्या ओरडले, "हिंद्या! येतोस का जाऊ?" त्या दिवशी ते दोघे मिळून चरक पोचवायला निघाले होते.

अण्णा उठले. अनवाणीच खिडकीपाशी गेले, दोन्ही हातांनी गज धरले आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "न्हाई!"

मग परत येऊन स्टुलावर बसले, मांडी नीट घातली आणि म्हणाले, "म्याडम, परत एकदा लावा."